निरपराध पिलाची फिर्याद

महाभारताच्या प्रारंभी, सर्पसत्राच्या मुख्य कथेला हात घालण्यापूर्वी, पौष्यपर्वात एका कुत्र्याच्या पिलाची हकीकत आली आहे, आणि एवढ्या अफाट ग्रंथाच्या उंबरठ्यावरच ती का ठेवली गेली असावी याचा विचार आपल्याकडे जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजय आपल्या तीन भावांसह दीर्घसत्र करीत असता देवशुनी सरमेचे पिल्लू तेथे आले. भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. कोणी मारले हे समजल्यावर आईचा पहिला तर्क असा की, तूच काही आगळीक केली असशील. पिलाने सांगितले की, हविर्द्रव्याला जीभ लावणे दूरच, मी त्याकडे पाहिलेदेखील नाही. मग सरमा यज्ञभूमीवर गेली, माझ्या निरपराध पुत्राला का मारले असा रोकडा सवाल तिने टाकला, आणि कोणीच उत्तर दिले नाही तेव्हा, ज्याचा काही कसूर नव्हता त्याला तुम्ही मारले म्हणून तुमच्यावरही न दिसणारे भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली.

या कथेत माझे मन अडखळते ते आईच्या त्या पहिल्या तर्कापाशी. दुःख दिसले की त्यामागे दोष असलाच पाहिजे, मार बसला त्या अर्थी अपराध घडला असलाच पाहिजे, हा तर्क मनुष्याच्या मनात इतका खोल रुजलेला आहे की पोटच्या पोराच्या बाबतीतही कथाकाराने तो आईच्याच मुखी प्रथम घातला. सरमेचा मोठेपणा असा की तिने तो तर्क पिलासमोर ठेवला, त्याची कैफियत ऐकली, आणि ती खरी मानून ती दाद मागण्यास निघाली. आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो.

यवतमाळ जिल्ह्यात भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे ऐन कापसाच्या वेचणीत, वितात. शेताच्या धुऱ्यावर, जिनिंगच्या आवारात, पऱ्हाटीच्या ढिगाआड, केळापूर-झरीकडे कोलामांच्या पोडावर आणि पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांच्या तांड्यावर ही पिले वाढतात, आणि वर्षभरात अंगाने भरून, रानडुकरे आणि रोही हाकण्यासाठी रात्री जागलीवर जाणाऱ्या शेतकऱ्याची सोबत करू लागतात. अशा वर्ष-दीड वर्षाच्या, नुकते बळ आलेल्या कुत्र्याने एके सकाळी वारंवार तंगडी वर करावी, पाठीची कमान करून कुंथावे, आणि थेंब दोन थेंब लाल पाण्यावाचून काहीच बाहेर पडू नये, असा प्रसंग खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळतो. प्रथम वाटते की शौचास होत नसावे. मग पोट फुगते, कुत्रे अन्नाकडे पाठ फिरवते, सावलीत जाऊन कण्हत पडते, आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणी तरी उसासा टाकून म्हणतो, ‘मागच्या जल्माचं भोगून राह्यलं बिचारं.’ हे वाक्य निर्दय माणूस उच्चारीत नाही. ज्याचे काळीज हलले आहे पण ज्याला पुढचा मार्ग दिसत नाही तोच ते उच्चारतो, आणि म्हणूनच त्याची छाननी अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवी.

त्या कुत्र्याच्या देहात त्या वेळी काय चाललेले असते ते आधी पाहू. नर कुत्र्याच्या शिश्नात एक लहानसे हाड असते आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खोबणीतून जाते. इतरत्र ती थोडीफार ताणली जाऊ शकते. खोबणीत तिला तो वाव नाही. त्यामुळे मूत्राशयातून सुटलेला खडा नेमका या हाडाच्या मागल्या टोकाशी येऊन बसतो. मादीची नलिका आखूड आणि रुंद असल्याने तिच्यावर हा प्रसंग क्वचित येतो. वाट पुरती बंद झाली म्हणजे मूत्राशय तट्ट फुगते, दाब उलटा मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, जी द्रव्ये शरीराबाहेर जावयाची ती रक्तात साठू लागतात. त्यांतील पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, प्राण जातो. अशा वेळी कनवाळू शेजारी गोखरूचा काढा किंवा जवाचे पाणी पाजतात, कारण लघवी साफ करणाऱ्या वस्तू म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु निचऱ्याची वाटच जेथे बंद आहे तेथे अधिक मूत्र उत्पन्न करणे म्हणजे वेदना आणि धोका दोन्ही वाढविणे होय. जाणता पशुवैद्य प्रथम पोटावरून सुईने मूत्र काढून ताण उतरवितो, नळी घालतो, निर्जंतुक लवणजलाच्या दाबाने खडा मागे मूत्राशयात ढकलतो, आणि प्राणी सावरल्यावर शस्त्रक्रिया करून तो काढून टाकतो. म्हणजे ज्या यातनेला आपण भोग म्हणून हात जोडले, ती बहुतेक वेळा काही तासांत दूर होण्याजोगी असते.

कोवळ्या वयाच्या कुत्र्यांत अशा खड्यांचे एक कारण जन्माबरोबरच आलेले असते. आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर काही पिलांत गर्भावस्थेपासूनच यकृताला वळसा घालून जाते; ज्या द्रव्यांचे शोधन यकृताने करावयाचे ती तशीच मूत्रात उतरतात, आणि त्यांचे खडे बनतात. मूत्रातून रक्त जाण्याचीही कारणे अनेक. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अंगाला डसणाऱ्या गोचिडांतून शिरणारे ताप, कापसाच्या गोदामातून ठेवलेले उंदरांचे विष, ज्याने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते आणि ज्यावर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, मूत्राशयाचा दाह, आणि स्वतः खडे. परंतु यांखेरीज एक निराळा विकार आहे. तो विशेषतः मोठ्या बांध्याच्या तरुण कुत्र्यांत, लॅब्रॅडॉर, बॉक्सर, वायमारानर या जातींत आढळतो, आणि यांपैकी लॅब्रॅडॉर आता यवतमाळ, वणी, पुसद येथील घरांतूनही सर्रास दिसतो. कुत्रे खाते, पिते, धावते, कोठे दुखत असल्याचे लक्षण नाही. आणि मूत्र मात्र आरंभापासून अखेरपर्यंत लालभडक. दुर्बिणीच्या नळीने मूत्राशयाच्या आत पाहिले तर बहुधा एकाच बाजूच्या मूत्रवाहिनीच्या मुखातून रक्ताची पिचकारी येताना दिसते. रक्ताच्या गुठळ्या होऊन वाट अडली म्हणजे हा वेदनारहित विकार एकाएकी वेदनेचा आणि प्राणसंकटाचा होतो. पूर्वी रक्त गाळणारे मूत्रपिंडच काढून टाकीत. पुढे काही कुत्र्यांत उरलेल्या मूत्रपिंडातूनही रक्तस्राव सुरू झाल्याचे आढळले, तेव्हा वैद्य सावध झाले आणि मूत्रपिंड राखून रक्त थांबविण्याच्या वाटा शोधू लागले. हा स्राव का होतो, याचे उत्तर वैद्यकापाशी नाही, आणि वैद्यक तसे स्पष्ट नोंदविते: अज्ञातहेतुक.

येथेच आपल्या दर्शनांतील एक फार जुना खटला पुन्हा उभा राहतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरायणांनी ईश्वरावरील दोन आरोपांचा विचार केला आहे. एक वैषम्याचा, म्हणजे पक्षपाताचा; दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निष्करुणतेचा. कोणी सुखात लोळावे आणि कोणी जन्मतःच यातनेत पडावे, अशी सृष्टी ज्याने केली तो समदृष्टी आणि दयाळू कसा? उत्तर असे की ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी भाष्यात पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे की पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, धान्यांत जो भेद पडतो तो बीजांमुळे. पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, या शंकेस संसार अनादि आहे असे उत्तर दिले आहे. या सिद्धान्ताचे तर्कबल मी कमी लेखीत नाही. जगात अकारण काही घडत नाही, आणि कोणाचेही केलेले वाया जात नाही, या दोन श्रद्धांवर या देशातील कोट्यवधी माणसांनी आपली दुःखे निमूटपणे आणि पुष्कळदा उदात्तपणे पेलली आहेत.

परंतु हा खटला कोणावर भरलेला आहे ते नीट पाहिले पाहिजे. त्यात आरोपी आहे ईश्वर. सर्व युक्तिवाद त्याच्या बचावासाठी आहे, आणि निकाल त्याच्या निर्दोषत्वाचा लागतो. ज्याच्या यातनेवरून फिर्याद निघाली तो जीव या कचेरीत हजरच नाही. त्याला दाद काय मिळाली याची नोंद त्या दप्तरात सापडत नाही. त्यातून पशुयोनी ही भोगयोनी. शास्त्राने कर्माचा अधिकार मनुष्याला दिला, पशूला दिला नाही. म्हणजे त्या पिलाने या जन्मी पाप केले नाही, करणे त्याला शक्यच नव्हते. कोणत्या अपराधाचे हे फळ आहे हे ते जाणत नाही, आणि जाणण्याचे साधनही त्याला दिलेले नाही. जी शिक्षा भोगणाऱ्याला शिक्षा म्हणून कळूच शकत नाही, तिच्यातून त्याची सुधारणा व्हावी कशी? हिशेब कदाचित बरोबर असेल. पण ज्याच्या नावे वसुली चालू आहे त्याला खातेही दाखविलेले नाही.

मला असे वाटते की कर्मसिद्धान्त हा मुळात उत्तमपुरुषी सिद्धान्त आहे. मी भोगतो आहे ते माझेच असेल, असे स्वतःच्या दुःखाविषयी म्हणण्यात धैर्य आहे, विनय आहे, दुसऱ्यावर दोष न ढकलण्याची शालीनता आहे. तेच वाक्य तृतीयपुरुषात घातले, तो भोगतो आहे ते त्याचे असेल असे म्हटले, की त्यातील सगळे पुण्य निघून जाते आणि मागे उरतो तो निव्वळ पाहणाऱ्याच्या सुटकेचा दाखला. शब्द बहुतांशी तेच असतात. परंतु बोलणारा कोठे उभा आहे यावर त्यांचा धर्म ठरतो.

या म्हणण्याला आपल्याच परंपरेत आधार आहे, आणि योगायोग असा की तोही एका कुत्र्याच्याच कथेत. रामायणाच्या उत्तरकांडात, जे सर्ग विद्वान प्रक्षिप्त मानतात त्यांत, डोके फुटलेले एक कुत्रे रामाच्या दारी दाद मागण्यास येते. सर्वार्थसिद्ध नावाच्या भिक्षूने त्याला विनाकारण काठीने मारलेले असते. राम त्याला सभेत बोलावतो, त्याचे म्हणणे ऐकतो, भिक्षूला हजर करवून त्याचा जबाब घेतो. शिक्षा काय द्यावी हे कुत्र्यालाच विचारले जाते, तेव्हा ते म्हणते की याला कालंजर येथील कुलपती करावे. आणि कारण विचारता उलगडा करते की पूर्वजन्मी मी स्वतः तेथील कुलपती होतो आणि त्यातूनच या गतीला आलो. येथे पूर्वकर्माची गोष्ट निघते खरी, पण ती काढतो तो भोगणारा जीव स्वतः. रामाने ती काढली नाही. तुझे पूर्वसंचितच असे होते, आता मुकाट्याने जा, असे त्या राजाने म्हटले असते तर शास्त्राने त्याला खोटे पाडले नसते, कारण त्या कुत्र्याचे पूर्वसंचित खरोखरच होते. तरीही फिर्याद दाखल झाली आणि मुनसफी झाली. न्यायासनावर बसलेल्याला आणि शेजारी उभे असलेल्याला दुसऱ्याच्या संचिताच्या वहीत डोकावण्याचा हक्क नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

वैद्यांनी तर हा प्रश्न फार पूर्वी आपल्यापुरता सोडविला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात दैव आणि पुरुषकार यांचा विचार करताना असे प्रतिपादन आहे की आयुष्याचे मान सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषधी, पथ्य, मंत्र, संकटापासून दूर राहणे, यांपैकी कशालाच अर्थ उरला नसता. आणि सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेच्या प्रकरणात जे लिहिले आहे ते वाचताना आजही मन नम्र होते. शस्त्र न चालविले तर मृत्यू निश्चित, चालविले तर निदान संशय; म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊन सद्वैद्याने ते कर्म करावे, असा त्याचा आशय. हा विकार बहुधा बालकांना होतो असेही त्याने नोंदविले आहे. बालकाला खडा का व्हावा, या प्रश्नावर संचिताचे विवेचन करण्याऐवजी तो आहार आणि दोष यांचे विवेचन करतो आणि छेद सेवनीच्या डाव्या बाजूस, यवमात्र अंतर सोडून घ्यावा, असे सांगतो. न दिसणाऱ्या कारणाला नैयायिकांनी अदृष्ट म्हटले. आजचा पशुवैद्य त्याला अज्ञात म्हणतो. पहिल्याने शोध संपतो, दुसऱ्याने तो सुरू होतो, एवढे अंतर या दोन वृत्तींत पडले आहे. वास्तविक आपल्या जुन्या वैद्यांनी दोन्ही एकाच घरात नांदविल्या होत्या.

पैनगंगा ओलांडली की माहूर. उमरखेड, महागाव, आर्णी या बाजूंची माणसे मार्गशीर्षी पौर्णिमेला दत्तशिखरावर जातात, आणि दत्ताची जी तसबीर घेऊन परततात तीत चरणांपाशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. रूपक सुंदर आहे. पण त्या रूपकात कुत्रे कोठे तरी हरवले अशी मला खंत वाटते. युधिष्ठिराच्या महाप्रस्थानाचेही आपण असेच केले. मागे चालत आलेले कुत्रे प्रत्यक्ष यमधर्म होते हे सांगण्यात आपल्याला इतका आनंद होतो की युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते, हा कथेचा प्राण आपल्या हातून निसटतो. स्वर्गाच्या दारात त्याने जो हट्ट धरला तो आपल्याला धरून राहिलेल्या एका सामान्य कुत्र्यासाठी होता. ते धर्म निघाले ही नंतरची गोष्ट. गंगेची कावड रामेश्वराकडे नेताना एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ती ओतली तेव्हा तरी गाढव या योनीत का आले याची चौकशी कोठे झाली होती?

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच टोचतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीसएक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, जेथे २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेथे कुत्र्याच्या मूत्रपिंडाची चिंता करीत बसणे शोभते काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या घरांच्या ओट्यावरही तेच वाक्य बोलले जाते. नशिबात होतं, प्राक्तन होतं, असे सांत्वनाच्या स्वरात म्हटले जाते, आणि त्या स्वराखाली कर्ज, बियाणे, बाजारभाव, विषाची बाटली आणि न मिळालेला इलाज हे सगळे हळूहळू गाडले जाते. मुक्या जीवावर ज्या वाक्याची सवय होते तेच पुढे बोलत्या माणसावर चालविले जाते. दया ही मोजून ठेवलेली पुंजी असती, एकाला दिल्याने दुसऱ्याला कमी पडली असती, तर हा आक्षेप खरा ठरता. अनुभव असा की जो धुऱ्यावरच्या पिलासाठी धावतो तो शेजाऱ्याच्या दारी उशिरा पोचत नाही.

मात्र धावणे नेहमी जीव वाचविण्यासाठीच असते असे नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते. वैद्यकीय उपाय थकले, कूस बदलणेही त्याला दुःसह झाले. तेव्हा गांधीजींनी आश्रमीयांशी विचार करून डॉक्टरकरवी त्याला विषाची सुई देवविली आणि ते कृत्य अहिंसेचेच होते असे आपल्या वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. त्यावर संतापाची जी पत्रे आली त्यांतील एक मुद्दा असा की जीवाला आपले कर्म भोगूनच संपवावे लागते, मध्ये पडणारा केवळ ते पुढे ढकलतो. हा मुद्दा खरा मानला तर गोखरूचा काढाही अधर्म ठरेल, नळीही अधर्म ठरेल, आणि पांजरपोळातील प्रत्येक पट्टी म्हणजे ईश्वरी वसुलीत अडथळा होईल. असे कोणीच मानीत नाही. मला त्या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी शुश्रूषा, मग जाणत्याचे निदान, मग सोबतच्यांशी विचार, आणि सर्व वाटा बंद झाल्यावर ती सुई. लघवी तुंबलेल्या तरुण कुत्र्याच्या बाबतीत बहुतेकदा पहिल्या दोन पायऱ्यांवरच काम भागते, म्हणून तेथे सुटकेची घाई करणे हे दयेचे सोंग होईल; पण मूत्राशय फाटले आहे, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आणि पशुवैद्याने आशा सोडली आहे, तेथे भोगाचे नाव घेऊन त्याला तळमळत ठेवणे हेही धर्माचे सोंगच. बेवारस कुत्र्यांसाठी २०२३ साली केंद्राने जे नियम केले त्यांतही असाध्य आजारी आणि मरणासन्न जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्याकरवीच वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे.

व्यवहाराची अडचण निराळीच आहे, आणि तत्त्वचर्चेत ती विसरता कामा नये. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याचा सगळा काळ गाई-म्हशी आणि बैल यांच्यात जातो, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याच्या बारीक नलिकेत घालावयाची नळी, मूत्राशय दाखविणारे सोनोग्राफीचे यंत्र, लहान प्राण्यांवर शस्त्रक्रिया करणारा हात, हे सर्व हमखास मिळावयाचे ठिकाण म्हणजे १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास, उमरखेडहून अडीचशेच्या घरात. वाट बंद झालेल्या देहापाशी तितके तास असतात, पण फार जास्त नसतात. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याच्या लॅब्रॅडॉरला आणि ज्याच्याजवळ बसभाड्याचीही भ्रांत आहे त्याच्या जागलीच्या कुत्र्याला एकच व्याधी जडली असता एक वाचते आणि एक मरते, तेव्हा जे वैषम्य दिसते ते बीजातले नव्हे. ते आपण उत्पन्न केलेले आहे, आणि त्याचा आरोप ईश्वरावर ठेवण्यास जागा नाही.

ईश्वरावर ठेवण्याजोगा आरोप तरीही एक उरतोच. टिपेश्वरच्या जंगलात, पैनगंगेच्या काठच्या दऱ्याखोऱ्यांत कोल्हा आहे, लांडगा आहे. कुत्र्याच्याच कुळातले हे जीव, त्यांच्याही शिश्नात तेच हाड, त्यांच्याही पिलांत जन्माचे तेच दोष उद्भवू शकतात. मनुष्य जेथे पोचत नाही तेथे एखादा तरुण कोल्हा मूत्र अडून दोन दिवस तळमळतो आणि मरतो. कोणी शेजारी नाही, कोणी वैद्य नाही, कोणाचे कर्तव्य तेथे जागे होत नाही, आणि भोगणाऱ्याला ‘हे माझे’ असे म्हणता येत नाही. जेथे साक्षी आहे तेथील यातनेविषयी मला जे म्हणावयाचे होते ते मी म्हटले. तेथे पिलाची फिर्याद आपल्यावर आहे आणि तिचे उत्तर हातांनी द्यावयाचे आहे. परंतु जेथे ईश्वराखेरीज साक्षी नाही तेथील यातनेची फिर्याद सरळ त्याच्याच दारी जाते. बादरायणांचे उत्तर मी आदराने वाचले आहे, भाष्यही वाचले आहे, आणि ईश्वरावरची माझी श्रद्धा ढळलेली नाही. तरी त्या कोल्ह्याच्या वतीने नैर्घृण्याचा तो प्रश्न निकाली निघाला असे लिहून देण्यास माझा हात धजत नाही, आणि श्रद्धावंताने तो तसाच उघडा ठेवून प्रार्थनेस बसण्यात काही पाप आहे असेही मला वाटत नाही.